किटलीचं झाकण जरा तिरकं ठेवा

मागच्या अंकात मी हाँगकाँगमधल्या रविवारच्या 'यम चा'बद्दल सहज चार ओळी लिहिल्या आणि त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. साबुदाण्याची खिचडी चिकट का होते असं विचारणाऱ्या तिघींनी एक महिना थांबा प्लीज. ज्यांनी मागचा अंक वाचला नाही त्यांच्यासाठी, यम चा म्हणजे सरळ 'चहा पिणे', आणि डिम सम म्हणजे त्या चहाबरोबर खायचे छोटे छोटे पदार्थ, वाफवलेले, तळलेले, भाजलेले, सगळे. मूळ हे दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँगकडचं, कँटोनीज लोकांचं. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे बारा वर्षं हाँगकाँगला राहिले आणि त्यातली पहिली दोन वर्षं मला खात्री होती की तिथले वेटर माझ्यावर वैयक्तिक चिडलेले आहेत.

प्रश्न (नाशिकचे एक काका): मुलाकडे हाँगकाँगला गेलो होतो. रविवारी एका मोठ्या डिम सम रेस्टॉरंटमध्ये गेलो. पाऊण तास उभं राहिलो, मग टेबल मिळालं. वेटरने कपबश्या अक्षरशः आपटल्या, एकदाही हसला नाही, पाणी मागितलं तर गरम पाणी आणलं. न मागता शेंगदाण्याची वाटी ठेवली आणि तिचे पैसे बिलात लावले, चहाचे माणशी वेगळे, वर १० टक्के सर्व्हिस चार्ज. कसली सर्व्हिस आणि कसला चार्ज? परदेशी बघून आम्हाला फसवलं का?

उत्तर: नाही काका, फसवलं नाही. तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या कँटोनीज आजोबांचं बिल बघितलं असतंत तर त्यातही हेच दिसलं असतं.

एकेक घेऊ. चहाचे पैसे माणशीच असतात, तुम्ही एक कप प्या नाहीतर दहा, किटली कितीही वेळा भरून घ्या. साध्या ठिकाणी दहा-पंधरा हाँगकाँग डॉलर, मोठ्या हॉटेलात त्याच्या दुप्पट-तिप्पट (एक डॉलर म्हणजे अकरा रुपयांच्या आसपास धरा). याला आपल्या भाषेत बसायचे पैसे म्हणा हवं तर. शेंगदाणे, लोणचं, तिखट सॉसची छोटी बशी हे मात्र नको असेल तर ठेवल्या ठेवल्या हात हलवून 'नको' म्हणायचं, ते निमूट उचलून नेतात, मनात काही धरत नाहीत. आपण काय करतो, आलंय ना मग खाऊया, आणि मग बिल बघून रक्तदाब वाढतो. मीही तेच केलंय, दोनदा. आणि १० टक्के सर्व्हिस चार्ज हाँगकाँगमध्ये बहुतेक बसून खायच्या रेस्टॉरंटात आपोआप लागतो. तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की भारतात अशी सक्ती करता येत नाही. बरोबर आहे, आपल्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२मध्ये तसं सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५मध्ये ते उचलून धरलं, पण तो आपला कायदा, तिथे तो दाखवून उपयोग नाही. तिथे वर वेगळी टिप मात्र कोणी मागत नाही, सुटे राहिले तर लोक ट्रेमध्ये सोडून जातात.

आता आपटण्याचं. हा मुद्दा मला कळायला खरंच दोन वर्षं लागली. आपल्याकडे चांगली सर्व्हिस म्हणजे माणूस जवळ येऊन उभा राहतो, काय घेणार विचारतो, अजून वाढू का म्हणतो, थोडक्यात हॉटेलवाला यजमान आणि आपण पाहुणे. यम चाला तसं नसतंच. तिथे यजमान टेबलावर बसलेला असतो, म्हणजे तुमचा मुलगा. चहा तो ओतणार, आग्रह तो करणार, कोणाला काय आवडतं ते त्याला माहीत. वेटरचं काम डिम समच्या बांबूच्या टोपल्या गरम असताना टेबलावर आणणं, रिकाम्या उचलणं आणि किटली भरणं, आणि रविवारी अकरा वाजता बाहेर टोकन घेऊन लोक ताटकळत असताना हे त्याला धावतच करावं लागतं. तो हसला नाही पण तुमची टोपली थंड आली का? नसेल आली. ती थंड आली असती तर मी तुमच्या बाजूने भांडले असते.

बाकीची कामं आपल्याकडे. ऑर्डरच्या कागदावर हव्या त्या पदार्थांपुढे पेन्सिलीने टिकमार्क आपण करायचे. कप-वाट्या-चॉपस्टिक आपण विसळायच्या, त्यासाठीच तो मोठा काचेचा बाऊल आणि गरम पाणी असतं (तुम्ही ते प्यायलात का? माझ्या सासऱ्यांनी तो बाऊल उचलून तोंडाला लावला होता, शेजारच्या टेबलावरच्या बाईने किंचाळून थांबवलं). आमच्या शेजारी एक आजी राहायच्या, मी त्यांना तिथल्यासारखं 'पोपो' म्हणायचे, त्यांचं बघण्यासारखं असायचं. पहिला चहा प्यायचाच नाही, तो वाटीत ओतायचा, त्यात कप आडवा धरून अंगठा आणि दोन बोटांनी गोल गोल फिरवायचा, म्हणजे कड सगळीकडून भिजते, मग चॉपस्टिकच्या टोकांवर धार, मग सगळं त्या बाऊलमध्ये. चौघांचा सेट दीड मिनिटात. डिशवॉशर असलेल्या हॉटेलात पण करायच्या. मी विचारलं, आजी आता तर सगळं धुतलेलंच असतं ना, तर म्हणाल्या, तू देवळात जाताना आंघोळ केलेली असली तरी पाय धुतेस की नाही. निरुत्तर.

आणि किटली रिकामी झाली की हाका मारत बसू नका. झाकण काढून किटलीच्या तोंडावरच तिरकं ठेवायचं, वेटर येता-जाता बघतो आणि भरून जातो. यामागे एक गोष्ट सांगतात, की कोणे एके काळी एका टग्याने रिकाम्या किटलीत आपला महागडा पक्षी ठेवला, वेटरने पाणी भरायला झाकण उघडलं तर पक्षी भुर्र, आणि त्याने भरपाई उकळली, तेव्हापासून गिऱ्हाईकाने स्वतः झाकण उघडल्याशिवाय वेटर किटलीला हात लावत नाहीत. खरं-खोटं देव जाणे, पण खूण शंभर टक्के चालते.

हाक मारायचीच झाली तर 'म-गॉय!' म्हणायचं, जरा मोठ्याने. याचा अर्थ प्लीज, थँक्यू, ऐका जरा आणि बाजूला व्हा, सगळंच. वयस्क वेट्रेस असेल तर 'आ-ज्ये', म्हणजे ताई. मी एकदा आ-ज्ये म्हटलं त्या दिवसापासून आमच्या नेहमीच्या ठिकाणची ती उग्र बाई माझ्या मुलीसाठी कस्टर्डचं पाव-बन शेवटचं शिल्लक असलं तर बाजूला ठेवायला लागली. हसली तरीही नाही.

प्रश्न (कोल्हापूरचा एक कॉलेज विद्यार्थी): डिम सम म्हणजे मोमोच ना? मग एवढं कौतुक कशाला?

उत्तर: नाही रे बाबा. मोमो तिबेट-नेपाळकडचा एक पदार्थ, डिम सम ही पूर्ण पंगत. अंड्याच्या कस्टर्डचा टार्ट पण डिम सम, कोंबडीचे पाय पण डिम सम, वाफवलेला स्पंज केक पण डिम सम. वडापाव म्हणजेच फराळ का, असं विचारल्यासारखं झालं.

प्रश्न (पवईहून एक वाचक): पुढच्या महिन्यात कामासाठी हाँगकाँगला जातोय, तिथल्या क्लायंटने टीमला यम चाला बोलावलंय. चॉपस्टिक जेमतेम जमतात. काय करायचं आणि काय नाही?

उत्तर: चॉपस्टिकचं टेन्शन घेऊ नका, चमचा मागितला तर देतात आणि वाटी तोंडाजवळ उचलून खाणं तिथे असभ्य नाही, उलट तसंच खातात. फक्त चॉपस्टिक भातात उभ्या खुपसून ठेवू नका, ते मृतांपुढे लावलेल्या उदबत्तीसारखं दिसतं, आणि आपल्याला पिंडाचं सांगायला नको, म्हणजे तुम्हाला लगेच समजेल. टेबलावर जास्तीच्या वेगळ्या रंगाच्या चॉपस्टिक असतील तर त्या वाढून घ्यायच्या, तोंडात घालायच्या नाहीत.

चहा कुठला असं विचारतील. 'पो ले' म्हणजे काळपट, मातीचा वास येणारा, तेलकट खाण्यावर उत्तम उतारा, बहुतेक म्हातारी मंडळी हाच घेतात. 'ह्युंग पिन' म्हणजे जाई-जुईच्या वासाचा, नवख्यांना सोपा. दूध-साखर मागू नका हो, मी मागितली होती.

आता मुख्य गोष्ट. कप भरताना आधी दुसऱ्यांचे, शेवटी स्वतःचा, आणि वयाने मोठा माणूस आधी. तुमच्या कपात कोणी चहा ओतला की बोलणं न थांबवता दोन बोटं टेबलावर हलकेच दोन-तीनदा टकटक करायची. म्हणजे थँक्यू. दंतकथा अशी आहे की चिएनलुंग बादशहा (अठराव्या शतकातला) वेष पालटून फिरत होता आणि चहाच्या दुकानात त्याने स्वतः आपल्या सेवकाला चहा ओतला, आता बादशहाने ओतल्यावर साष्टांग घालायला पाहिजे पण घातला तर बिंग फुटणार, म्हणून सेवकाने बोटं दुमडून टेबलावरच नमस्कार घातला. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पोपोंनी पहिल्यांदा चहा ओतला तेव्हा मी खुर्चीतून अर्धी उठून दोन्ही हात जोडले, त्यात कोपर लागून सोया सॉस सांडला. त्यांनी माझा हात धरून टेबलावर ठेवला, दोन बोटं वाकवली आणि स्वतःच टकटक करून दाखवली, लहान मुलाला श्री गिरवायला शिकवतात तशी.

बिलाच्या वेळी भांडण होईल. घाबरू नका, खरं भांडण नाही, दोन माणसं एकमेकांचे हात धरून 'मी देणार, मी देणार' करतात, आपल्याकडे रिक्षाच्या पैशावरून होतं तसंच. तुम्हाला क्लायंटने बोलावलंय म्हणजे तोच देणार, पण एकदा पाकीट काढायचा आविर्भाव जरूर करा.

प्रश्न (पुण्याहून एक ताई): आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही, शिवाय सासूबाई बरोबर असणार आणि त्यांचा चातुर्मास. डिम सम बघायचं स्वप्न सोडून देऊ का?

उत्तर: सोडू नका, पण गाफीलही राहू नका. साध्या डिम सम रेस्टॉरंटमध्ये 'व्हेज आहे' हा शब्द फार ढिला असतो. सगळ्यात मोठी फसगत म्हणजे लो बाक गो, ज्याला इंग्रजी मेनूत टर्निप केक म्हणतात. किसलेला मुळा आणि तांदळाचं पीठ एकत्र करून वाफवतात, गार झालं की वड्या कापून तव्यावर कुरकुरीत परततात, म्हणजे आपली कोथिंबीर वडीच की, असं म्हणून माझ्या आईने पहिला घास घेतला. आत चिनी सॉसेजचे आणि सुकटीचे बारीक तुकडे होते. तिला वाटलं बेदाणा असेल. त्यानंतर तिने दोन दिवस फक्त केळी खाल्ली.

तसंच अरवीच्या जाळीदार वड्यांचं. दिसतात शाकाहारी, पण आत बहुतेकदा डुकराचं मांस आणि पिठात चरबी. टोफूच्या सालीचे रोल असतात त्यात कोळंबी नाहीतर वरून ऑयस्टर सॉस. आंब्याच्या पुडिंगमध्ये जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातडीचं. शिवाय 'मांस नको' असं सांगितलं तर ते मांसाचे तुकडे काढून देतील, रस तोच. त्यांचं काही चुकत नाही, त्यांना वाटतं तुम्हाला मांस आवडत नाही, एवढंच.

म्हणून 'मांस नको' म्हणू नका, 'जाय' म्हणा. जाय म्हणजे बौद्ध पद्धतीचं सोवळ्यातलं खाणं, आणि गंमत बघा, त्यात कांदा-लसूणही चालत नाही! सासूबाईंचा चातुर्मास हाँगकाँगमध्ये पुण्यापेक्षा सोपा जाईल. अमावास्या-पौर्णिमेला तिथले कित्येक लोक स्वतः जाय खातात, त्यामुळे शब्द उच्चारला की समोरच्याला लगेच प्रकाश पडतो. तरी अंडं आणि दूध वेगळं विचारा.

जागा सांगते. डायमंड हिलला ची लिन मठाच्या शेजारी नान लिएन बाग आहे, तिथलं शाकाहारी रेस्टॉरंट कृत्रिम धबधब्याच्या मागे आहे, खिडकीवरून पाणी पडत असतं, सासूबाई खूश. दुसरं म्हणजे हाँगकाँग पार्कमध्ये चहाच्या भांड्यांचं म्युझियम आहे, त्याच्या आवारात लॉक चा नावाचं टी हाऊस, तिथे डिम सम शाकाहारी आणि चहाची यादी ही एवढी लांब. तिथले वेटर हसतात पण, नाशिकच्या काकांनी नोंद घ्यावी.

प्रश्न (डोंबिवलीहून एक वाचक): सिनेमात दाखवतात तशी ढकलगाडी घेऊन फिरणाऱ्या बायका अजून असतात का?

उत्तर: कमी झाल्यात. गाडीला दोन टेबलांमध्ये रुंद जागा लागते आणि हाँगकाँगमध्ये जागेचं भाडं काय ते मुंबईकरांना सांगायला नको. शिवाय गाडी फिरता फिरता टोपल्या निवतात, उरलेलं फेकावं लागतं. म्हणून टिकमार्कचा कागद आला आणि आता कित्येक ठिकाणी फोनवर कोड स्कॅन. तरी सेंट्रल भागातल्या सिटी हॉलमधल्या मॅक्सिम्स पॅलेसमध्ये गाड्या फिरतात, झुंबरं आणि समोर समुद्र, पर्यटकांची झुंबड. टेबलावर एक कार्ड असतं, त्यावर छोटा, मध्यम, मोठा, स्पेशल असे रकाने, तुम्ही टोपली उचलली की बाई त्या रकान्यात शिक्का मारते, शेवटी शिक्के मोजून बिल. पदार्थाचं नाव कुठेच नाही! काय खाल्लं याचा हिशोब फक्त तुमच्या पोटाकडे. कोळंबीची गाडी स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली की चार टेबलं उठून कार्ड घेऊन धावतात, तेव्हा 'आधी त्यांना घेऊ दे' करत बसलात तर मुळ्याच्या वड्या खाऊन घरी याल.

जुनी लाकडी बाकं आणि पंखे हवे असतील तर लुक यू टी हाऊस आहे, १९३३पासूनचं, पण तिथे महाग. आणि कमी पैशात उत्तम म्हणून ज्याचा बोलबाला झाला ते टिम हो वान, २००९मध्ये माँगकॉकला एका बोळकंडीवजा जागेत सुरू झालं आणि लगेचच मिशलिन स्टार (रेस्टॉरंटांचा मानाचा तुरा) मिळाला, कारण चालवणारा शेफ आधी तीन मिशलिन स्टार असलेल्या एका रेस्टॉरंटच्या किचनमधला. आता त्याच्या शाखाच शाखा झाल्यात. मुंबईत बसून चव घ्यायची तर बीकेसीत याउआचा आहे, मूळ लंडनचं, चकचकीत आहे, वेटर वाकून विचारतात. पण कप विसळायला बाऊल काही देत नाहीत.

प्रश्न (साताऱ्याहून एक काकू): तुम्ही लिहिलेल्या कोळंबीच्या पारदर्शक डंपलिंगची पारी घरी मैद्याची केली. पांढरीफटक आणि चिवट झाली. काय चुकलं?

उत्तर: काकू, मैदाच चुकला. हार गाऊची, म्हणजे त्या कोळंबीच्या डंपलिंगची, पारी मैद्याची नसतेच. मैद्यात चिकटा असतो, त्याने ती चिवट आणि अपारदर्शक होते. त्यांना लागतो गव्हाचा स्टार्च, म्हणजे गव्हातला चिकटा धुऊन काढल्यावर जे खाली बसतं ते. आता जरा डोळे मिटून विचार करा, गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, गाळायचे, निवळू द्यायचं, वरचं पाणी ओतून टाकायचं... हा कुरडईचा चीक आहे हो! आणि त्यात ताण यावा म्हणून ते टॅपिओका स्टार्च घालतात, म्हणजे आपल्या साबुदाण्याचंच पीठ. उपासाचं आणि वाळवणाचं लग्न लावून दिलंय झालं.

कृती मोदकाच्या उकडीसारखीच. चीक वाळवून, चाळून त्याची पावडर दोन वाट्या, साबुदाण्याचं पीठ अर्धी-पाऊण वाटी, मीठ, त्यावर खळखळ उकळतं पाणी ओतून लाटण्याच्या टोकाने ढवळा, पाच मिनिटं झाका, मग तेलाचा हात लावून गरम असतानाच मळा. गार झालं की तडे जाणार, ओलं फडकं झाकून ठेवायचं, हे तुम्हाला मी काय सांगणार. तिथले आचारी लाटत नाहीत, रुंद सुऱ्याच्या पात्याला तेल लावून सुपारीएवढ्या गोळीवर ते आडवं दाबून जरासं फिरवतात, एका फटक्यात पारी. कळ्या मोदकासारख्या गोल नाहीत, फक्त एका बाजूला, करंजीच्या एका काठाला चुण्या पाडल्यासारख्या. दहा-बारा पडल्या तर हात बसला म्हणायचा, माझ्या सहा पडतात. मोदकपात्रात पाच-सहा मिनिटं, जास्त नाही.

मी हा प्रयोग आईच्या घरी केला, चैत्रात, ती कुरडया घालत होती तेव्हा. थोडा चीक बाजूला काढून दोन दिवस उन्हात वाळवला. आत तिच्यासाठी गाजर, मशरूम, मका. पारी तिथल्याइतकी काचेसारखी नाही झाली, जराशी पिवळसर आणि किंचित आंबूस वास, पण आतलं गाजर बाहेरून केशरी दिसत होतं, आणि चॉपस्टिकने उचलल्यावर फाटली नाही, पोपो आधी तेच बघायच्या. आईने दोन खाल्ल्या. मग म्हणाली, चांगलंय, पण हे म्हणजे चिकाचे नुसते चोचले, आणि पातेल्यात उरलेला चीक शिजवून, दूध-साखर घालून, वाटी घेऊन ओट्यापाशीच उभ्याने खात बसली.